रुमालाखालचा भाव

पोटातलं ओठांवर न येऊ देण्यात आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या उदगीर तालुक्यात सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसतो. ही सवय मामांच्या अंगात इतकी मुरलेली, की माझ्या लग्नात जिलेबी किती किलो काढायची तेही त्यांनी आचाऱ्याला रुमालाखालीच सांगितलं. आचाऱ्याला ती भाषा येत नव्हती, त्यामुळे जिलेबी पुढे चार दिवस पुरली.

अशा माणसाचा म्हातारपणी मोबाइलवर जीव जडावा, हे नवलच. बैलजोडीचे व्हिडिओ पाहिले की लगेच पेंडीच्या जाहिराती येत, आणि मामा हरखून म्हणत, "बघा जावईबापू, न बोलता मनातलं वळखून राहिलंय. लई हुशार जनावर हाय!" पोळ्याला मातीच्या बैलांशेजारी ठेवून त्यांनी त्यालाही कुंकू लावलं होतं.

मग लातूरहून मामींच्या तपासणीचा कागद आला. त्यावरचा एक इंग्रजी शब्द मामांना कळेना. त्यांनी दार लोटून तो मोबाइललाच विचारला. अर्थ कळल्यावर मला तेवढा फोन केला, "पोरगी माहेराला आलीय. ती गेली की तुमच्या मामीला मीच नीट बसवून सांगतो. तवर कुठं बोलू नका."

दोनच दिवसांनी मामी त्याच मोबाइलवर कुरडया कशा घालायच्या ते बघत होत्या. मधेमधे कॅन्सरच्या दवाखान्यांच्या जाहिराती, एकामागून एक. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अवं, हे सारखं छातीच्या गाठीचं काय दाखवून राहिलं?" मामांना थाप मारता आली असती. पण त्यांचा चेहरा बघूनच मामी काय ते समजल्या.

त्या दिवसापासून मोबाइल टॉवेलात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात गेला. कधी काढावाच लागला तर मामा त्याला चकवायला त्याच्या तोंडावर "उंट घ्यायचाय, उंट!" असं ओरडून तो परत ज्वारीत खुपसत. मी हसलो की म्हणत, "हसा. दुसऱ्याच्या बैलाचा भाव मी कधी फुटू दिला न्हाई, अन् ह्यानं माझ्या घरचं बाजारात मांडलं. मीच सांगायला पाहिजे हुतं वो तिला." यावर माझं हसू मावळे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही तिघं लातूरच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. मामा नुकतेच डॉक्टरांशी बोलून आले होते. भोवती गर्दी. मामींनी मामांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून मांडीवर पसरला आणि त्याखाली हात घातला. मामा चपापले. मग त्यांनीही हात घातला.

"खरं सांगा," मामी म्हणाल्या.

"खरंच सांगून राहिलो."

मामी त्यातून उठल्या. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. कागद आला की मामा आधी त्यांना हाक मारतात आणि रुमाल पसरतात. एरवी तो दोनदा हलतो आणि मामी चहा ठेवायला उठतात. गेल्या खेपेला रुमाल बराच वेळ हलत राहिला. मला विचारायचा धीर झाला नाही. मीच उठून चहा ठेवला.