शिंपडायचं, ओतायचं की बुडवायचं

आमच्या घरात पाण्यावरून भांडणं होत, पण ती विहिरीवरची नव्हेत, बाप्तिस्म्यावरची. आजोबा नगरकडचे, जुन्या मिशनचे. पाळकाने तान्ह्या मुलाच्या कपाळावर चार थेंब शिंपडले की झालं, असं त्यांचं मत. आईबाप विश्वासी असले की मूल देवाच्या कराराच्या आतच जन्मतं, पाणी ही नुसती खूण, आणि खुणेला हंडाभर पाणी कशाला? माझ्या वडिलांना हे पटलं नाही. त्यांनी जाणत्या वयात दुसऱ्या मंडळीत जाऊन नदीत पुन्हा बाप्तिस्मा घेतला, डोक्यावरून पाणी जाईपर्यंत. आधी विश्वास, मग पाणी. ज्याला पाप म्हणजे काय हे कळत नाही त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? आणि जुना पापी माणूस पाण्यात पुरायचा तर पुरा पुरावा, कपाळावर चिमूटभर माती टाकून कुणी मढं पुरतं का? पालघरच्या शाळेत ते गणित शिकवत, आणि धर्मही त्यांनी गणितासारखाच सोडवला होता. उत्तर एकच, बाकीची चूक. आजोबा मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, वडिलांच्या मंडळीने सूर्या नदीत बुडवलं तेव्हा ती कॉलेजच्या वयाची होती. भिजलेल्या पांढऱ्या साडीत ती काठावर आली आणि वडील रडले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि ह्याच ताईने लग्न केलं ते वसईकडच्या कॅथलिकाशी. दाजी तारापूरच्या मोठ्या बांधकामावर फिटर होते. फादरांनी आधी तिच्याकडून शब्द घेतला की मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक रीतीने होईल. तिने दिला. वडील लग्नाला आले, जेवले नाहीत.

दाजींच्या लोकांचं म्हणणं आणखी तिसरं. माणूस जन्मतःच आदिपापाचा डाग घेऊन येतो आणि तो पाण्यानेच धुतला जातो, म्हणून उशीर नको. मूल जगेलसं वाटत नसेल तर कुणीही, अगदी हिंदू सुईणीनेही, त्याच्या डोक्यावर पाणी ओतावं आणि ठरलेले शब्द म्हणावेत, तो बाप्तिस्मा खराच. हे दाजींनी ताईला माझ्यादेखत सांगितलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाचं मूल पाण्यावाचून गेलं म्हणून ते दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं होतं. त्यांची आई दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्या कुंपणाशी उभी राहायची. आपल्या घरात पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढंच दाजींचं मागणं होतं.

ताईला दिवस पुरे भरायच्या आत मुलगा झाला, डिसेंबरात, बोईसरच्या भाड्याच्या खोलीत. मी बाळंतपणासाठी तिथेच होते. दवाखान्यातल्या नर्सने त्याला कापसात गुंडाळून ताईच्या छातीशी दिलं, ऊब सोडू नका म्हणाली, अंघोळ तर नाहीच. पहाटे दाजी पालघरला फादरांना आणायला गेले. नाताळाच्या आधीचे दिवस, फादर लोकांच्या पापांचे कबुलीजबाब ऐकायला सफाळ्याच्या आतल्या गावांत गेलेले. दाजी त्यांच्या मागे गावोगाव फिरत राहिले.

सकाळी वडील आले. खोलीत न येता बाहेर ओट्यावर बसले आणि दारातूनच समजावू लागले की हे लेकरू निष्पाप आहे, देवाला त्याच्यासाठी पाणी लागत नाही. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आजही येतो. नातवाला एकदा हातात तरी घ्यायचं होतं.

थोड्या वेळाने बाळाचे ओठ निळे पडले. मी नर्सला बोलवायला धावले. परत आले तेव्हा वडील दारात उभे होते आणि ताई जमिनीवर बसली होती. पुढ्यात पाण्याने भरलेलं घंगाळ, आणि पोटाशी धरलेलं मूल नखशिखान्त ओलं. रात्रभर हंड्यात राहिलेलं पाणी होतं ते. चूल पेटवायला तिला वेळ कुठला!

नर्स ओरडली, थोडं डोक्यावर लावायचं होतं ना!

ताई म्हणाली, "खोटा बाप्तिस्मा कसा देऊ?"

तिने वडिलांचं पाणी घेऊन नवऱ्याचा शब्द पाळला होता. मूल तिच्या मांडीवरच गेलं. नर्स अंगणात मला म्हणाली की ते तसंही राहिलं नसतं, पण हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी दाजी फादरांना घेऊन पोचले. फादरांनी हळू आवाजात विचारलं, पाणी डोक्याला लागलं का, शब्द कोणते म्हटले. ताईने सगळं सांगितलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, काही चुकलं नव्हतं. बाप्तिस्मा खरा ठरला, बाळाला कुंपणाच्या आत जागा मिळाली. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, तान्ह्याला बुडवलं तरी तो बाप्तिस्मा नव्हे, विश्वास कुठे होता? म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांना थेंबभर पुरलं असतं, आणि ज्यांच्या रीतीने केलं त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं.

पुरून आम्ही परत निघालो. वाटेत दाजी थांबले. आमच्या घरात एवढी वर्षं पाणी किती, कधी, कुणाला, ह्यावर वाद झाले, पण त्यांनी विचारलं तेवढं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"पाणी गार होतं का?"

ताई म्हणाली, "होतं."

दाजींनी मान हलवली आणि चालायला लागले. ताई तिथेच उभी राहिली, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.