भंडारदऱ्याच्या तंबूतली बेरीज

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच—कारण ती ही हकिकत माझं कौतुक म्हणून पाहुण्यांना सांगते, आणि मी समोर बसून सुपारी कातरत असतो. त्या कौतुकाचा आता वीट आला आहे. म्हणून तुमच्याजवळ बोलतो.

मी मोजणीदार. शेतात साखळी टाकायची, क्षेत्र काढायचं, कागदावर मांडायचं. आमच्या अकोले तालुक्यात मला भाऊसाहेब म्हणत, आणि भाऊसाहेबांचा आकडा म्हणजे शेवटचा आकडा. खोटं कशाला बोलू—मला ते फार आवडायचं.

लढाईच्या वर्षांत दर श्रावणात आम्ही भंडारदऱ्याला जात असू. मेहुणा धरणावर नोकरीला होता. धबधबा पाहायला नाशिक-मुंबईची मंडळी येत, आणि त्यांच्या मागोमाग जादूगार. पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या मोटारीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि वर भर दुपारी ओल्या तंबूत बसून टोपीतून निघणारं कबूतर पाहायचं! दर वर्षी तेच कबूतर. दर वर्षी माझी तीच चिडचिड. मग जात का होतो? हिला आवडतं म्हणून, असं सांगत आलो. खरं म्हणजे—यांतल्या एकाला तरी मला पकडायचं होतं.

त्या वर्षीचा जादूगार साठीकडे झुकलेला, विटक्या कोटातला. त्याची बायको कोपऱ्यात बसून पेटी वाजवायची. त्याने आधीच एक चिठ्ठी डब्यात बंद करून डबा मेहुण्याच्या मांडीवर ठेवला. मग पाच प्रेक्षकांकडून मोठ्या पाटीवर खडूने एकेक चार आकडी संख्या लिहून घेतली आणि म्हणाला, "बेरजेला कुणी जाणकार या." सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं.

केली बेरीज. बावीस हजार सातशे चौऱ्याहत्तर. खणखणीत आवाजात सांगितली.

मेहुण्याने चिठ्ठी उघडली. बावीस हजार सातशे चौऱ्याऐंशी.

"दहानं हुकलास की रं जादूगारा!" मागून कोणी ओरडलं. "कबुतराला इचारायचं हुतं, त्याला येत आसंल!"

तंबू हसला. मीही हसलो. जादूगार जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, एकवार पुन्हा बघता का?"

बघितलं. एककाच्या रांगेची बेरीज चौतीस. चार मांडले होते, हातचे तीन घ्यायचे—मी दोन घेतले होते. तिसरीतल्या पोराची चूक! दुरुस्त करायला किती वेळ लागला असता? एक शब्द पुरला असता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक शेतकरी उठला. "आरं, भाऊसायबांचा आकडा चुकंल व्हय? माजा बांध त्यांनीच मोजलाय!"

आता सांगू का, की भाऊसाहेबांना हातचा धरता येत नाही? मग उद्या कोणता बांध जागेवर राहील? आणि कोणता भाऊसाहेब?

मी पाटी पुसली. तळहाताने, वरपासून खालपर्यंत. "पुन्हा कशाला? बरोबर आहे," म्हणालो.

त्याने माझ्या पांढऱ्या तळहाताकडे पाहिलं. पाचही संख्या त्याला तोंडपाठ असणार. म्हणून दाखवता आल्या असत्या. नाही म्हटल्या. लोकांकडे वळून म्हणाला, "चूक माझीच असेल." माणसं उठली. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्याची बायको पेटी वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तंबूत सात माणसं होती, मेहुण्याने मोजली. तिसऱ्या दिवशी तंबूच नव्हता. श्रावण अजून अर्धा बाकी होता.

बेरीज त्याला आधी कळली कशी, हे मला अजूनही उमगलेलं नाही. म्हणजे ज्यासाठी वर्षानुवर्षं तंबूत जाऊन बसलो, तेही साधलं नाही. पुढच्या श्रावणात दुसरा जादूगार आला. पहिल्या रांगेत मला खुर्ची राखून ठेवलेली होती. मी बसलो.

तुम्ही म्हणाल, गडबडीत झालं असेल, नीट दिसलं नसेल. नाही. मी बेरीज दोनदा केली होती. दुसऱ्यांदा बरोबर आली—आणि मगच पाटी पुसली.