फळ्यावरचा एकाचा आकडा

टिल्डन म्हणजे अमेरिकेत डाकोटातल्या गव्हाच्या रानातलं बेचाळीस मतांचं गाव. इथं मत गुप्त राहत नाही. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सहकारी गोदामातल्या फळ्यावर, गव्हाच्या भावाखाली, गोदामवाला ऑर्विल गावचा निकाल खडूनं लिहितो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत गेल्या दोन खेपांना तोच आकडा: हत्ती, म्हणजे रिपब्लिकन, एक्केचाळीस; गाढव, म्हणजे डेमोक्रॅट, एक. ते एक आर्डिस लिंडक्विस्टचं, हे गावच्या कुत्र्यालाही ठाऊक.

आर्डिसच्या बापाच्या काळी सगळं गाव गाढवाचं होतं. गाढववाल्यांनी रानात विजेचे खांब आणले होते. हत्तीचा एकटा पाद्री, तोही परगावचा. पुढं म्हातारी खोडं मातीआड गेली, पोरांनी बाजू बदलली. गाढवाची मतं साठ, चौतीस, अकरा, चार. नवरा लीलंड होता तोवर दोन. तो गेला आणि एक.

थट्टा तशी मायेची, पण रोजची. "आर्डे, गाढवाला चारा घातलास का?" म्हणायचं आणि तिच्या खुर्चीवर मूठभर वाळलं गवत ठेवायचं. घरी बोलायला भिंती, म्हणून गोदामातली सकाळची कॉफी तिला सुटत नव्हती. यंदा मात्र तिनं मनाशी ठरवलं: पुन्हा एक आला तर इथलं येणं बंद. मतपत्रिकेवर हत्तीपुढचा गोल रंगवून मोकळं व्हावं, असंही क्षणभर वाटलं. हात काही वळला नाही.

बुधवारी, मतदानाच्या दुसऱ्या सकाळी, ती दारातच थबकली. टेबलाशी सगळे भिंतीकडं तोंड करून बसलेले. फळ्यावर हत्ती चाळीस, गाढव दोन.

"दोनदा टाकलंस का गं?" ऑर्विल म्हणाला.

"मोजायला तुझीच बायको हुती. तिला इचार."

ऑर्विलनं टेबलापलीकडच्या डेलकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतूस? मी जन्माचा हत्तीवाला," डेल म्हणाला.

"कुणी इचारलं तुला?"

टेबल खदखदलं. आर्डिसनं खुर्ची ओढली. बसायची जागा स्वच्छ होती.

"आन् मी यंदा हत्तीला दिलं असंल तर?" कॉफी ओतत ती म्हणाली. "मग दोघं हुडका."

ऑर्विलचा डोनट तोंडाशीच राहिला. सगळे एकमेकांची तोंडं निरखू लागले. तिच्याकडं कुणी बघेना. केवढं हलकं वाटलं तिला.

तो दुसरा कोण, हे तिनं हुडकलं नाही. सापडला असता तर बिचाऱ्याच्या खुर्चीवर गवत आलं असतं.