फळ्याचं फडकं

सीतारामजी टेलर गिऱ्हाइकाचं माप एकदाच घ्यायचे. पण फळ्यावरची एक ओळ पुसायची तर तीन-तीन खेटे घालायचे.

आंजी गावच्या चौकात आमच्या वाचनालयाचा फळा होता. सगळा हौसेचा कारभार, पगार कुणालाच नाही. खडू उघड्यावर करवंटीत, ज्याला वाटेल त्यानं गावची बातमी लिहावी. पुसायचं फडकं मात्र समोर सीतारामजींच्या दुकानात खिळ्याला. हा मान त्यांना कुणी दिला, ते कुणालाच आठवत नव्हतं. फडकं मागितलं की मशीन थांबवून ते म्हणत, “ज्यानं लिवलं त्याले इचारलं काय?” लिहिणारा वावरात असला तर सायकल काढून वावरात जात. एकदा हरवलेली बकरी घरी येऊन व्याली, तरी ‘बकरी हरवली’ कायम, कारण लिहिणारा सासुरवाडीला वडनेरला गेला होता.

मी नुकताच वर्ध्याहून बी.ए. होऊन आलो होतो, म्हणजे मला सगळंच कळत होतं. फडकं तरुणांच्या हाती हवं, म्हणून मी सभा बोलवायला लावली आणि आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘शिळ्या बातम्यांचे मालक: सीताराम टेलर.’ त्यांनी ते वाचलं. फडकं हाताशी होतं, तरी पुसलं नाही. सभेत माझ्या बाजूनं जास्त हात वर झाले. त्यांनी फडकं झटकलं, घडी घालून मला दिलं. “माह्यं नाव पुसजो बापू,” म्हणाले, “पण ज्यानं लिवलं त्याले इचारून.”

महिनाभर फळा लख्ख होता. मग पेरणीच्या तोंडावर, शेवंताबाईंचा बैल हरवल्याची ओळ आठ दिवसांची झाली म्हणून मी पुसली. त्यांना विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस फळा पाहायला आला. एक चुकार बैल त्यानं बांधून ठेवला होता. फळ्यावर काहीच नाही म्हटल्यावर, बैल इथला नसेल असं समजून तो परत गेला. बैल मिळाला, पण पंधरा दिवसांनी. तोवर बाईंची पेरणी मागं पडली होती.

मी फडकं परत द्यायला गेलो. सीतारामजींनी मशीनवरचा हातही उचलला नाही.

“मी कायले घेऊ? ज्याच्या हातून चुकलं त्याच्यापाशीच राहू दे. आता तू इचारल्याबिगर पुसत नाईस.”

वर माझ्या पँटची शिवण उसवली आहे, तेही सांगितलं.

पुढं काही वर्षांनी ते गेले, तेव्हा फळ्यावर ती बातमी मीच लिहिली. तेरवी उरकली तरी ती तशीच. पोरांना कबड्डीच्या सामन्यांसाठी जागा हवी होती. मी सांगितलं, ज्यानं लिहिलं त्याला विचारा.

“तुम्हीच तं लिवलं, भाऊ.”

“म्हणूनच नाई म्हणून राह्यलो,” मी म्हणालो.