चाकांवरच्या खोलीतून आलेले बाबा

नंदा, तुला आठवतं का… आपण दोघी क्वार्टरच्या पायरीवर बसून चिंचा सोलत होतो. तुझी बोटं काळी झाली होती आणि तू ती माझ्या शाळेच्या फ्रॉकला पुसत होतीस. फाटकाशी एक दाढीवाला माणूस ट्रंक घेऊन उभा राहिला. आत येईना.

मी आत जाऊन आईला सांगितलं, "कोणीतरी काका आलेत."

ते बाबा होते.

राज्यांची नवी मांडणी झाली आणि आईची कचेरी नागपूरहून भोपाळला आली, त्या काळातली ही गोष्ट. आई टायपिस्ट. बाबा केंद्राच्या खात्यात, नद्यांचं पाणी मोजणारे. त्यांना सिमल्याच्याही खूप वर पाठवलं होतं. त्या नदीवर खाली धरण बांधायचं चाललं होतं आणि वर हिवाळ्यातही पाणी मोजायला कोणीतरी लागायचं… तर बाबा थांबले. दोन हिवाळे. मधल्या उन्हाळ्यात रजा मिळाली नाही.

राहायला लष्कराचा जुना ट्रेलर होता. ट्रकला बांधून वर ओढत नेलेला, आतून फळ्या मारलेला, एका माणसापुरता. शेगडी, बाकडं, खिडकी. बस.

त्यांची पत्रं पेन्सिलीनं लिहिलेली असायची, कारण शाई गोठायची. श्वासाची वाफ भिंतीवर जमून तिचा बर्फ व्हायचा आणि सकाळी पांघरूण भिंतीला चिकटलेलं असायचं. खालून वारा येऊ नये म्हणून ते चाकांभोवती गवत आणि बर्फ थापायचे. बूट पांघरुणात घेऊन झोपायचे… नाहीतर सकाळी पाय आत जात नसे.

शाळेत सिस्टरनी विचारलं, वडील कुठे राहतात. मी सांगितलं, चाकांवरच्या खोलीत. मागच्या बाकावरून लगेच आलं, "तेरे पापा सर्कस में हैं क्या?" मी नाही म्हणाले नाही. पुढचे कितीतरी दिवस मुली माझ्याकडे पास मागत होत्या.

तर असे बाबा घरी आले. आणि घरात मावेनात.

म्हणजे घर मोठं होतं, दोन खोल्या आणि मागचा व्हरांडा. पण बाबा भिंतीला टेकून उभे राहायचे. भर उन्हाळ्यात पाण्याची बादली उशाशी आणून ठेवायचे, जणू बाहेर ती गोठणार होती. आतल्या खोलीत त्यांना झोप लागत नसे… आपण जवळून पळत गेलो तरी दचकायचे. तू त्यांच्या मांडीवर जाऊन बसलीस की हात कुठे ठेवावा ते त्यांना कळत नसे.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून एकदा आईला विचारलंच, "काय हो, तुमचे पाहुणे किती दिवस आहेत?"

आई हसली. आत येऊन मात्र बराच वेळ तांदूळच निवडत राहिली. नुकतेच निवडून ठेवलेले तांदूळ.

मग खात्याचा निरोप आला, पुन्हा एक हिवाळा याल का.  बाबांनी ट्रंक खाटेखालून बाहेर काढली आणि तिला तेलपाणी केलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं… लहान होते तरी ते मला दिसलं.

मला वाटलं आई भांडेल. रडेल. तिनं त्यांना अडवलं नाही.

रविवारी बाबा बाजारात गेले तेव्हा आईनं पदर खोचला आणि आपल्याला म्हणाली, कपाट ढकलू लागा. ते शिसवी कपाट, तिच्या माहेरचं. भिंतीजवळून काढून आपण ते मागच्या व्हरांड्यात आडोशासारखं आडवं लावलं. उरलेल्या फटीत घोंगडी टांगली. आत एक खाट, एक स्टूल, एक कंदील. पत्रं वाचून वाचून आईला त्या ट्रेलरची मापं पाठ झाली होती.

मग आपल्याला ताकीद मिळाली… आत जायचं असेल तर आधी कपाटावर टकटक करायचं. स्वतःच्या वडिलांकडे जायला! तू तर हसत सुटलीस.

संध्याकाळी आई चहा घेऊन गेली. टकटक केली.

"अहो, येऊ का?"

 चहावर साय धरली, तरी आई तशीच उभी. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग बाबांचा आवाज आला, "ये ना."

त्या थंडीत तो ट्रेलर दुसऱ्या कोणालातरी घेऊन वर राहिला. बाबा पुढे सगळी वर्षं त्या कपाटाआड झोपले आणि हळूहळू दिवसाचे आपल्यात येत गेले. आई शेवटपर्यंत टकटक करत राहिली. बाबा गेल्यानंतरही एकदा… कप हातात, कपाटाशी उभी. मी तिला हाक मारली नाही.

आता मीही इथे भोपाळातच, सोनागिरीच्या घरात बरीच वर्षं एकटी आहे. परवा कोणी बेल वाजवली तर मी दार न उघडता भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मग मला बाबा कळले. माणूस एकटेपणाला कंटाळतो हे खरं, पण तो जुन्या कपड्यासारखा अंगाला बसतोही. नंदा, या वेळी मी तुझ्याकडे पुण्याला यायला हो म्हटलंय ते म्हणूनच… फार बसायच्या आत.

घर आवरतेय. नातेवाइकांनो, आपल्या या ग्रुपवरच सांगते, फोनवर माझं कोणी ऐकत नाही. पितळेचे डबे नंदाला. शिलाई मशीन समोरच्या रुखसानाला, तिनं कधी मागितलं नाही. पुस्तकं पिपलानीतल्या वाचनालयाला. गरम कपडे वॉचमनच्या घरी द्या, धुऊन.

आणि कपाट नंदाच्या नातीला, श्रेयाला. तिचा नवरा सहा-सहा महिने जहाजावर असतो, घरी आला की नुसता गॅलरीत उभा राहतो, म्हणून ती चिडते. तिला म्हणावं, भिंतीला लावू नकोस बाळ. आडवं लाव.