तोफ तळात

गॅरेजच्या दारात कुणी उभं राहिलं की तो हातातला चाकू खाली न ठेवता विचारायचा, "खलाशी की मरीन?"

मी म्हटलं, "खलाशी."

"मग पाय पुसून ये."

दोन हजार चार-पाचची गोष्ट. अमेरिकेत रेडमंडला मुलाकडे राहायला आलो तेव्हाचा हा शेजारी. गोरा म्हातारा, अख्खी नोकरी मरीनमध्ये काढलेला. मरीन म्हणजे जहाजावरून जाऊन लढणारे शिपाई. खलाशी म्हणजे आपले टॅक्सीवाले, असं त्यांना वाटतं. मी चौथी शिकलेला, पण कोकण किनाऱ्याला तीस वर्षं कौलं वाहणाऱ्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होतो. ऐकून कशाला घेऊ? माझं इंग्रजी मोडकं, त्याचे कान गेलेले. भांडण मात्र नीट व्हायचं.

तो लाकडाची गनबोट करत होता. अमेरिकेचं आरमार नवं होतं तेव्हा अशा लहान बोटी तोफ देऊन समुद्रापार लढायला धाडल्या होत्या. त्याच्या बोटीवर बारा मरीनही होते, बोटाएवढे. चार जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, लायब्ररीच्या काचपेटीत ती ठेवणार होते, खाली त्याचं नाव. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, जन्मभर राबतात पण पाटी कुठं लागत नाही. त्याला त्या नावाची फार आस होती.

तोफ त्यानं पुढं नाळेवर, बोटीच्या टोकाला, बसवली होती. मी म्हटलं, "एवढं वजन वर? उलटेल. मोठ्या समुद्रात वजन तळात पाहिजे."

"खलाशानं मरीनला शिकवू नये."

"टब आण."

टबात मी हातानं लाटा केल्या. तिसऱ्या लाटेला बोट आडवी, मरीन पाण्यात. "यांना पोहायला नाही शिकवलंस?" मी विचारलं. तो आठ दिवस बोलला नाही.

नवव्या दिवशी पुस्तक घेऊन आला. समुद्र ओलांडताना तोफा खरंच तळात ठेवत, पलीकडे पोचल्यावर वर काढत. त्यानं तोफ उखडून तळात बांधली. चुकलो असं काही म्हणाला नाही.

बोट लायब्ररीत नेली, तर तिथली बाई म्हणाली, "तोफ दिसतच नाही. वर लावा ना."

"बोट भर समुद्रात आहे, बाई. बुडवू का?"

"नुसतं मॉडेल आहे हो."

त्यानं बोट काखेत मारली आणि निघाला. मीही त्याच्या मागून. काचपेटीत मग शंख ठेवले.

हिवाळ्यात मुलीनं त्याला आपल्या घरी, दूर शॉमबर्गला नेलं. तिथं तो वारला. तिचा फोन आला, तो सुनेनं मला समजावला. लायब्ररी अजून बोट घ्यायला तयार होती, त्याच्या नावानिशी, पण तोफ वर लावून. बापाचं नाव कुठं तरी राहावं, एवढंच त्या पोरीचं म्हणणं. तोफेचं भांडण माझं, म्हणून मला विचारत होती.

सून म्हणाली, "बाबा, हो म्हणा ना. आता कुणाला काय फरक पडतो?"

मला पडतो. मी फोन घेतला आणि नो म्हटलं. ती पोरगी ओके म्हणाली.

बोट तिच्या खिडकीत आहे. तोफ तळात आहे. नाव कुठंच नाही.