गर्भारशीला पन्हं चालत नाही

ऐंशीच्या दशकात नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली, तेव्हा माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. होती आणि ती कुणावर तरी चालवून बघायची खुमखुमी होती. मालवीय नगरात आम्ही भाड्याचं घर घेतलं आणि वर्षभरात मला काम मिळालं. काविळीचा गरोदर बायकांवर काय परिणाम होतो, यावर एक संशोधन चाललं होतं. त्यात मी गल्लोगल्ली हिंडून नळाच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायची आणि घरात कुणी पोटुशी आहे का, कुणाला कावीळ झाली का, ते विचारायची. हुद्दा अगदीच किरकोळ होता. पण खांद्याला बाटल्यांची पेटी लावून मी अशी चालायची, की सगळ्या शहराचं आरोग्य माझ्याच खांद्यावर लटकलंय असं बघणाऱ्याला वाटावं.

घरी मी पाणी उकळायची. नुसतं उकळायची नाही, पाण्याचा जीव घ्यायची. सिलिंडर महिनाअखेरपर्यंत काही टिकायचा नाही. "अगं, पाणी करपेल आता," असं नवरा म्हणायचा. मराठी मंडळात कुणाकडे गेले तर बसायच्या आधी पाण्याची चौकशी. हात धुण्यावर मी बोलायची, माश्यांवर बोलायची, एकदा सत्यनारायणाच्या पंचामृतावरही बोलले. शेवटी मी तोंड उघडलं की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मला वाटायचं, जागृती होतेय.

पण या सगळ्या मिजाशीच्या तळाशी एक खरी भीती होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. ती कावीळ दूषित पाण्यातून यायची आणि तिला तेव्हा स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. रक्त तपासलं तर ओळखीच्या दोन काविळींपैकी एकही निघायची नाही. धडधाकट माणसं महिनाभर पिवळी पडून बरी व्हायची, पण पोटुशी बाई तिच्या तावडीत सापडली की काही सांगता यायचं नाही. एका घरी मी दोनदा गेले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा सून अंगणात गहू निवडत होती, आठवा लागलेला, डोळे जरा पिवळसर. दुसऱ्यांदा गेले तेव्हा सासू उंबऱ्यात बसली होती, आणि मी प्रश्न न विचारताच परत आले. त्या दिवशी रस्त्यावर उभी राहून मी रडले होते.

आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर एका कॅप्टनची बायको राहायची. नागपूरची, पहिलटकरीण. नवरा सीमेवर, आई बाळंतपणाला जूनमध्ये येणार, तोवर ही एकटी. मला ताई म्हणायची. मी तिला परस्पर दत्तक घेऊन टाकली. तिचं पाणी मी उकळायची, तिची फळं मी धुवायची, आणि तिनं गाड्यावरच्या कुल्फीकडे नुसतं बघितलं तरी तिला व्याख्यान द्यायची. पोरगी गुणी, सगळं ऐकून घ्यायची. एकच गोष्ट तिला आवरत नव्हती. तिला कैरीचे डोहाळे लागले होते.

चैत्र आला आणि मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरलं. दरवर्षी ते काकूंकडे व्हायचं. काकू म्हणजे नवऱ्याच्या साहेबांच्या पत्नी, साताऱ्याच्या, मंडळाच्या तहहयात अध्यक्ष. पण त्या वर्षी बँकेच्या, विम्याच्या आणि मिलिटरीच्या मिळून इतक्या बायका जमणार होत्या, की काकूंनी परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतली एक धर्मशाळा घेतली. जुन्या शहरातल्या त्या गल्लीचं नाव ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. पण मी तेव्हा कुठली साडी नेसावी या विवंचनेत होते.

वरच्या मजल्यावरच्या पोरीला रिक्षात बसवून मी धर्मशाळेत पोचले. गौर झोपाळ्यात बसली होती, पुढे आरास, कलिंगडाची कमळं, करंज्या, सगळं कसं देखणं. मी हात धुवायला मागच्या चौकात गेले आणि थबकले. चौकातल्या मोडक्या तोटीच्या नळाखाली पिंप भरत होतं. तो नळ मी ओळखला. गेल्याच आठवड्यात त्याच गल्लीच्या नमुन्यांसाठी मी त्याच्यापुढे उकिडवी बसले होते. त्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळतंय, हे मी माझ्या डोळ्यांनी तपासणीत पाहिलं होतं. गल्लीत कावीळ सुरू झालेली होती. आणि याच पाण्यात आमचं पन्हं झालं होतं आणि याच पाण्यात आंबेडाळीची डाळ भिजली होती. बाकी कुठल्याही सणाला आपण काहीतरी शिजवतो, तळतो. या एकाच हळदीकुंकवाला आपण भिजलेली कच्ची डाळ आणि न उकळलेलं पाणी गावभरच्या बायकांना कौतुकानं वाढतो!

मी धावत काकूंना गाठलं. "काकू, पन्ह्याचं पाणी उकळलंय का हो?"

"कैरी उकडलीय की. पाणी कशाला उकडायचं?"

"अहो, इथलं पाणी वाईट आहे. मी स्वतः तपासलंय. कावीळ होईल."

काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "झालं बाई सुरू! आज गौरीलासुद्धा उकळून घेणार वाटतं ही."

सगळी धर्मशाळा हसली. मी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. एक म्हणाली, हिच्याकडे चहाचं पाणी दोनदा उकळतात. दुसरी म्हणाली, मागे पंचामृतातही हिला जंतू दिसले होते. वर्षभर मी उठताबसता लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडले होते, आणि आता खराखुरा लांडगा चौकात पिंप भरत बसला होता. पण माझ्याकडे बघून बायका पदरात तोंड लपवत होत्या.

तेवढ्यात मला ती दिसली. पोटुशी म्हणून तिला मधोमध पाटावर बसवलं होतं. ओटी भरून झाली होती. एकीनं तिच्यापुढे आंबेडाळीची वाटी ठेवली होती, तीही शिगोशीग, आणि तिच्या हातात पन्ह्याचा पेला होता. कैरीच्या वासानं तिचा चेहरा असा फुलला होता, की बघणाऱ्याला दृष्ट काढावीशी वाटावी. पेला ओठांकडे निघाला.

"थांब!" मी ओरडले. "पोटुशीनं चैत्रगौरीचं पन्हं घ्यायचं नसतं!"

एम.एस्सी. तिथंच संपली. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही ठाऊक नाही. पण निघालं, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"असं कुठं असतं?" काकूंनी विचारलं. पण आवाजात हसू नव्हतं.

"आमच्याकडे सांगलीला असतं. गौर माहेरी आलीय ना, ती स्वतःच डोहाळकरीण असते. एका पातेल्यातलं दोन डोहाळकरणींनी घ्यायचं नसतं. डाळ नाही आणि पन्हंही नाही. पोटातल्याला बाधतं." थाप एकदा सुटली की तिला पाय फुटतात. माझ्या थापेला तर पंखच फुटले.

कुणीतरी हसेल म्हणून मी वाट बघत होते. पण कोपऱ्यातल्या एका आजी मान डोलवून म्हणाल्या, "खरंय हो. माझ्या सासूबाई असंच काहीतरी सांगायच्या." मग आणखी एकीला तिची मावशी आठवली. कोणी विचारलं, "कितव्या महिन्यापासून पाळायचं?"

"दिवस गेल्याचं कळलं की त्याच क्षणापासून," मी ठणकावून सांगितलं. फुकटची रीत, तर कडकच का करू नये?

काकू स्वतः उठल्या आणि त्यांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे ताई, मले काहीच नाही भेटणार?" ती म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथंच मटकन बसले. आणि बसले ती चूक झाली, कारण तो पेला घेऊन काकू माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुला तर दिवस नाहीत ना? मग घे."

माझ्याच रीतीनं मला धरलं होतं. न प्यायला एकच कारण उरलं होतं, आणि मी ते सांगितलं असतं तर आठवड्याच्या आत सासूबाई सांगलीहून डिंकाचे लाडू घेऊन जयपूर स्टेशनवर उतरल्या असत्या. पुढे साहेबांच्या पत्नी, मागे सगळं मंडळ, आणि पाणी वाईट म्हणून आधीच केलेला यजमानीणबाईंचा अपमान. मी पन्हं प्यायले. सांगायला लाज वाटते, पण फार छान झालं होतं.

त्यानंतर वाट बघणं आलं. ही कावीळ आज प्यालं की उद्या होत नाही, महिना-दीड महिना दबा धरून बसते. माझ्या ओरडण्याआधी पोरीनं डाळीचे चार दाणे तर तोंडात टाकले नसतील? या एका विचारानं माझी झोप उडाली. रोज सकाळी मी वर जायची, तिला खिडकीशी उभी करायची, पापणी ओढून डोळे बघायची, भूक विचारायची आणि लघवीचा रंगही विचारायची. सुरुवातीला ती लाजायची. पुढेपुढे वैतागली. "ताई, रोज रोज माह्या डोळ्यांत काय पाहून राहिल्या तुम्ही?"

मेच्या शेवटी एका सकाळी मी अशीच तिची पापणी ओढून उभी होते. अंगात कणकण होती, अन्न नकोसं झालं होतं, ते मी उन्हाळ्यावर ढकललं होतं. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "ताई, रागावू नका, पण पिवळे तर तुमचेच डोळे दिसून राहिले."

मी पायऱ्या उतरून खाली गेले आणि दाराला आतून कडी घातली. कावीळतज्ज्ञ बाईंना कावीळ झाली होती. आमचे संशोधनप्रमुख माझं रक्त घ्यायला स्वतः आले आणि "फार चांगला नमुना मिळाला," असं खुशीत म्हणाले. नवऱ्यानं प्रेमानं उसाचा रस आणला, रस्त्यावरच्या गाड्यावरचा, वर बर्फाचा खडा घातलेला. तो पेला बघून मी जी किंचाळले, त्यावरून माझ्यात अजून जीव आहे हे त्याला कळलं. मंडळातल्या आणखी काही जणी पिवळ्या पडल्या. त्याचं खापर कुणी उन्हावर फोडलं, कुणी नजरेवर. एका बाईंचं म्हणणं असं, की मी गौरीच्या पाण्याला नावं ठेवली म्हणून गौर कोपली.

पोरगी रोज मऊ भात घेऊन दाराशी यायची आणि मी आतून तिला हाकलायची. तिचे डोळे बघायला मिळत नव्हते, तेच मला काविळीपेक्षा जास्त छळत होतं. "माहे डोळे पांढरेच हायेत ताई, आरशात पाहून आली," असं ती दाराबाहेरून सांगायची. मग तिची आई आली, आणि भात आईच्या हातून यायला लागला.

जूनमध्ये एका दुपारी काकू आल्या. मी कडी काढली नाही, तर त्यांनी खिडकीच्या गजातून आत बघितलं.

"मिलिटरी हॉस्पिटलातनं सरळ इकडे येतेय," त्या म्हणाल्या. "मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत."

मी उशीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडले. काकू गजांजवळ सरकल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता तीन महिने पुरे झालेत, म्हणून सांगते. माझ्या सुनेलाही दिवस आहेत. हळदीकुंकवाच्या दिवशी नुकतंच कळलं होतं, पण इतक्यात कुणाला सांगायचं नसतं ना. पन्हं तीच वाढत होती. तू ओरडलीस तेव्हा तिच्याही हातात पेला होता. मी गुपचूप काढून घेतला. डाळीचा दाणा खाऊ दिला नाही."

माझं रडणं जागच्या जागी थिजलं. मी डोळ्यांत तेल घालून एका पोटुशीला राखत होते, आणि दुसरी माझ्यासमोर पन्ह्याचं तबक घेऊन उभी होती. ती मला दिसलीच नव्हती. सातव्या महिन्यापासून पाळतात असं मी म्हटलं असतं तरी त्या घोळक्यात सगळ्यांना पटलं असतं. पोटुशींना शोधत घरोघर हिंडणं हेच माझं काम होतं, आणि त्या सुनेला वाचवलं होतं ते माझ्या तोंडून निसटलेल्या एका फाजील शब्दानं.

"काकू," मी म्हणाले, "अशी काही रीत नाहीये. मी तिथल्या तिथे रचली. पाणी खराब होतं, तुम्ही ऐकत नव्हता, म्हणून."

काकूंनी गजातून हात घालून माझ्या कपाळाला लावला.

"ताप चढलाय तुला," त्या म्हणाल्या. "रचली म्हणे! अगं, ही रीत मला लहानपणी माझ्या आजीनं सांगितलीय."